घरच्या काट्यावरची चरबी : आकडा कुठून आला, रेघ कुणी आखली

घरच्या वजनकाट्यावर अनवाणी उभे राहिले की हल्ली वजनाच्या खाली चरबीची टक्केवारीही दिसते. मोबाइलमधले ॲप तो आकडा हिरव्या, पिवळ्या किंवा लाल पट्टीत बसवून दाखवते. आकडा निघतो कसा, हा एक प्रश्न. पट्टीची रेघ कुणी आणि कशावरून आखली, हा दुसरा. पहिल्याचा इतिहास प्रयोगशाळेत घडला, दुसऱ्याचा बैठकांमध्ये. भारतीय शरीरापुरते पाहिले तर खरा घोळ दुसऱ्यात आहे, म्हणून या टिपणात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

चरबी मोजण्याचा इतिहास प्राचीन ग्रीसपासून सांगण्याची प्रथा आहे. तिला इथे फाटा दिला तरी बिघडत नाही, कारण आजच्या पद्धतींचा पाया 1942 मध्ये घातला गेला. अमेरिकन नौदलातल्या एका डॉक्टरने व्यावसायिक फुटबॉलपटूंना पाण्याखाली तोलले. भरतीच्या उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे त्यांतले बरेच जण जाडे म्हणून नापास ठरले असते. पाण्यातल्या वजनाने दाखवले की त्यांचा भार स्नायूंचा आहे. चरबी पाण्यावर तरंगते, स्नायू आणि हाडे बुडतात, एवढेच त्यामागचे तत्त्व. 1950 आणि 1960 च्या दशकांत त्यावरून सूत्रे बसवली गेली. चरबीची घनता 0.9 आणि उरलेल्या शरीराची 1.1 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरायची, असे ठरले. यातला 1.1 हा आकडा मोजक्याच मृतदेहांच्या रासायनिक पृथक्करणावर टेकलेला आहे. जिवंत माणसाची चरबी काढून तराजूत घालता येत नाही. म्हणून पुढची प्रत्येक नवी पद्धत आधीच्या पद्धतीशी ताडून 'अचूक' ठरवली गेली, आणि ती आधीची पद्धतही अंदाजच होती. आजचा घरचा काटा या साखळीच्या अगदी शेवटच्या कडीला आहे.

मधल्या कड्या थोडक्यात. 1974 मध्ये ग्लासगोत 16 ते 72 वर्षे वयाच्या 481 स्त्री-पुरुषांच्या त्वचेची घडी चिमट्यात धरून चार ठिकाणी मोजली गेली : दंडाच्या पुढे, दंडाच्या मागे, खांद्याच्या पात्याखाली आणि कमरेच्या हाडावर. त्या चार मापांवरून घनता आणि घनतेवरून चरबी. व्यायामशाळांतला कॅलिपर, म्हणजे घडी मोजायचा चिमटा, याच तत्त्वावर चालतो. सरावलेल्या हातात तो उत्तम चालतो, पण घरी स्वतःच्या पात्याखालची घडी स्वतःलाच पकडता येत नाही.

मेजपट्टीची पद्धत 1984 ची, तीही अमेरिकन नौदलातली. पुरुषांची मान, बेंबीपाशी पोटाचा घेर आणि उंची. स्त्रियांसाठी मान, कमरेचा सर्वांत अरुंद भाग, नितंबांचा घेर आणि उंची. हिशेब असा : 170 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाची मान 38 आणि पोट 90 सेंटिमीटर असेल, तर सूत्र साधारण 21.5 टक्के चरबी सांगते. पोट 92 भरले की आकडा 22.9 होतो. म्हणजे टेप दोन सेंटिमीटर सैल धरला किंवा श्वास जरा रोखला, तर चरबी जवळपास दीड टक्का इकडची तिकडे होते. तरीही घरगुती पद्धतींत मला हीच सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण कुठे काय मोजले आणि चूक कुठे झाली हे तिच्यात उघड दिसते.

घरोघरी मात्र पोचली ती वीज वापरणारी पद्धत. स्नायूंत पाणी आणि क्षार असल्याने वीज सहज वाहते, चरबीत अडते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये हे कातडीखाली सुया टोचून तपासले गेले. 1969 मध्ये अमेरिकेत दिसले की उंचीच्या वर्गाला विद्युतरोधाने भागले तर येणारी संख्या शरीरातल्या एकूण पाण्याशी चांगली जुळते. यंत्र प्रत्यक्ष मोजते तो फक्त हा रोध. त्यावरून पाण्याचा अंदाज, पाण्यावरून चरबी सोडून बाकीच्या वजनाचा अंदाज (त्यात सुमारे 73 टक्के पाणी असते असे धरून), आणि ते एकूण वजनातून वजा केले की उरली ती चरबी. त्यामुळे पाणी कमी झालेल्या शरीराची चरबी काट्यावर वाढलेली दिसते. रात्री नीट पाणी न पिता सकाळी उभे राहिलात, तर रात्रीत चढलेला आकडा चरबीचा नसतो.

1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये पायाखाली धातूच्या पट्ट्या असलेले काटे निघाले आणि सुया, चिकटपट्ट्या, आडवे झोपणे हे सगळे गेले. सोय मोठी झाली, पण तिची किंमत मोजावी लागली. वीज एका तळपायातून चढते आणि दुसऱ्यातून उतरते. पोटातून ती जवळजवळ जातच नाही. हात-पाय दोन्हींना जोडणाऱ्या यंत्रांतही हीच अडचण असते. धडाचे वजन शरीराच्या जवळपास निम्मे, पण एकूण रोधात त्याचा वाटा साधारण दहावा हिस्सा. म्हणजे आपल्या लोकांची चरबी जिथे साठते, तिथेच या पद्धतीची नजर अधू आहे. डिसेंबर 1994 मध्ये अमेरिकेत या पद्धतीवर खास परिषद भरली. निरोगी माणसांत शरीरातल्या पाण्याचा अंदाज ठीक मिळतो, पण यंत्रांत आणि सूत्रांत एकवाक्यता नाही, असे तिथे नोंदवले गेले. एकवाक्यता आजही नाही. दोन कंपन्यांच्या काट्यांवर एकाच सकाळी उभे राहिले तरी आकडे जुळत नाहीत.

काटा उंची, वय आणि लिंग का विचारतो, हेही इथेच समजून घ्यावे. 1991 मध्ये नेदरलँड्समध्ये एक सूत्र प्रसिद्ध झाले, ज्याला वीजही लागत नाही : बीएमआयची (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 1.2 पट, अधिक वयाची 0.23 पट, वजा 5.4, आणि पुरुष असेल तर आणखी वजा 10.8. बीएमआय 24 असलेल्या 35 वर्षांच्या स्त्रीला हे सूत्र सुमारे 31.5 टक्के देते, त्याच मापाच्या पुरुषाला 20.7. स्वस्त काट्यांची सूत्रे कंपन्या उघड करत नाहीत, पण पडताळा घरी घेता येतो. ॲपमध्ये वय वीस वर्षांनी वाढवून किंवा 'स्त्री'च्या जागी 'पुरुष' करून पुन्हा काट्यावर उभे राहा. शरीर तेच, पाणी तेच. आकडा किती सरकतो, त्यावरून त्यातले मोजलेले किती आणि गृहीत धरलेले किती, ते कळते.

आता रेघ. चरबी किती टक्क्यांच्या वर गेली की 'जास्त' म्हणायची, यावर जगात एकमताने मान्य झालेली मर्यादा नाही. पुरुषांना 25 आणि स्त्रियांना 35 टक्के ही मर्यादा 1995 च्या एका आंतरराष्ट्रीय अहवालाच्या नावावर वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिली. 2011 मध्ये काही संशोधकांनी लक्षात आणून दिले की त्या अहवालात अशी मर्यादा दिलेलीच नाही. काट्यांच्या पुस्तिकांत दिसणारा वयोगटांचा तक्ता बहुधा 2000 सालच्या एका अभ्यासातून आलेला असतो. त्यात 20 ते 39 वयाच्या पुरुषांना साधारण 8 ते 19 टक्के, स्त्रियांना 21 ते 32 टक्के 'निरोगी' आणि वयानुसार थोडी सूट. हा तक्ता कसा बनला? बीएमआय 18.5, 25 आणि 30 ला किती चरबी असते ते काढून त्याच जागी रेघा ओढल्या. बीएमआय फसवा आहे म्हणून आपण चरबी मोजायला निघतो, आणि चरबीची रेघ ठरते ती बीएमआयवरूनच. त्या अभ्यासातली आशियाई माणसे जपानी होती.

म्हणून बीएमआयची रेघ कुठे असावी हा वाद काट्याच्या हिरव्या पट्टीपर्यंत येऊन पोचतो. 2000 साली आशिया-प्रशांत भागासाठी एक मसुदा निघाला : 23 पासून जादा वजन, 25 पासून लठ्ठपणा. दोन वर्षांनी, जुलै 2002 मध्ये, सिंगापूरला आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट बसला. वेगवेगळ्या आशियाई समूहांत धोका सुरू होण्याचा बिंदू 22 ते 25, आणि जास्त धोक्याचा 26 ते 31 असा विखुरलेला आहे, असे त्यांना दिसले. निर्णय झाला तो असा : 25 आणि 30 या जागतिक रेघा कायम ठेवायच्या, आशियाईंसाठी 23, 27.5, 32.5 आणि 37.5 हे 'कृतीचे बिंदू', म्हणजे जिथे पावले उचलायचा विचार करावा असे टप्पे, जोडायचे. बाकी ज्या त्या देशाने आपले पाहावे. हा अहवाल 2004 मध्ये प्रसिद्ध झाला.

माझ्या मते गोंधळाची सुरुवात इथे झाली. रेघ ठेवली आणि शेजारी बिंदूही दिले, त्यामुळे ज्याने त्याने सोयीचे उचलले. भारतातल्या तज्ज्ञांनी 2009 मध्ये एकमताने 23 ला जादा वजन आणि 25 ला लठ्ठपणा म्हटले, पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर ठेवली. ब्रिटनने 2013 मध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी 23 आणि 27.5 घेतले. परिणाम असा की बीएमआय 26 असलेला माणूस पुण्यात लठ्ठ ठरतो, लंडनला राहणारा त्याचा सख्खा भाऊ फक्त वाढत्या धोक्याच्या गटात, आणि न्यू जर्सीतली चुलतबहीण सर्वसाधारण तक्त्याप्रमाणे नुसतीच जादा वजनाची. किलोत सांगायचे तर 170 सेंटिमीटर उंचीला 23 म्हणजे साडेसहासष्ट किलो, 25 म्हणजे सव्वाबहात्तर, 27.5 म्हणजे साडेएकोणऐंशी. तेरा किलोंच्या पट्ट्यात माणूस निरोगी की आजारी हे त्याच्या पत्त्यावर अवलंबून राहते.

भारताची रेघ खाली असावी या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा पुण्यातलाच आहे. 2004 मध्ये पुण्यातल्या एका मधुमेहतज्ज्ञाने आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याने स्वतःचीच मापे छापली. दोघांचा बीएमआय 22.3. क्ष-किरणांच्या तपासणीत ब्रिटिश डॉक्टरांची चरबी 9.1 टक्के, पुणेकरांची 21.2. त्याआधी पुणे जिल्ह्यातल्या गावांत जन्मलेल्या बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना झाली होती. सरासरी जन्मवजन 2.7 किलो विरुद्ध 3.5 किलो. आपली बाळे सगळ्याच मापांत लहान, पण पात्याखालची चरबीची घडी त्या मानाने फारशी कमी नाही. हाता-पायांनी काटक्या आणि पोट सुटलेले, असा माणूस आपल्याकडे घरोघरी आहे, आणि तो तसा जन्मापासूनच घडत असावा हे या कामाने दाखवले.

उलट बाजूचा पुरावाही मोठा आहे. 2011 मध्ये दहा लाखांहून अधिक आशियाईंच्या एकत्रित अभ्यासात भारत आणि बांगलादेशातल्या लोकांत जास्त बीएमआयमुळे मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. तो वाढला होता 20 च्या खालच्या, कृश लोकांत. रेघ खाली आणण्याला विरोध करणारे याकडे बोट दाखवतात. पण मधुमेह कधी सुरू होतो आणि मृत्यू कधी येतो, हे दोन निराळे प्रश्न आहेत. कुपोषण आणि क्षय असलेल्या देशात दुसऱ्याचे उत्तर पहिल्याला लावू नये. चाळिशीच्या आत साखर वाढलेल्या माणसाला 30 ची रेघ काही कामाची नाही.

जानेवारी 2025 मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. भारतीय तज्ज्ञांनी आपली व्याख्या बदलली : बीएमआय 23 च्या वर ही पहिली पायरी, आणि पोटाचा घेर वाढलेला असून सोबत त्याचे परिणाम किंवा आजारही असतील तर दुसरी. त्याच महिन्यात एका जागतिक आयोगाने सांगितले की नुसत्या बीएमआयवर कुणाला लठ्ठ म्हणू नये. चरबी थेट मोजावी, किंवा पोटाचा घेर, कंबर-नितंब गुणोत्तर, कंबर-उंची गुणोत्तर यांपैकी निदान एका मापाने खात्री करून घ्यावी. फक्त बीएमआय 40 च्या वर असेल तर वेगळी खात्री लागणार नाही. मेजपट्टीला इतकी वर्षे न मिळालेला मान त्यातून मिळाला.

घरी आकडा वाचणाऱ्यासाठी यातून निघते ते इतके. काट्यावरची टक्केवारी दुसऱ्याच्या आकड्याशी किंवा दुसऱ्या काट्याशी ताडू नये. एकच काटा, सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी, आणि काही आठवड्यांची सरासरी. रोजच्या एक-दोन टक्क्यांच्या चढउताराला अर्थ नाही. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वीज सोडणारा काटा वापरू नये. पोटाचा घेर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता घ्यावा. तो उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल, म्हणजे 160 सेंटिमीटर उंचीला 80 च्या वर, तर काट्याची पट्टी हिरवी असली तरी रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.