सर्व्हरशेजारची बॅटरी

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम-आयन बॅटऱ्या सर्व्हरच्या दालनातून तळघरात हलवण्याचे काम चालू असताना त्यांनी पेट घेतला. आग पूर्ण विझायला सुमारे २२ तास लागले, सहाशेहून अधिक सरकारी संगणक प्रणाली बंद पडल्या आणि कर्मचाऱ्यांच्या फायली साठवणारी, अन्यत्र प्रत नसलेली ८५८ टेराबाइटची यंत्रणा जळून गेली. बॅटऱ्या सर्व्हरपासून दूर नेण्यासाठीच हे काम हाती घेतले होते, हे विशेष क्लेशदायक आहे.

वीज गेल्यास जनरेटर सुरू होईपर्यंत सर्व्हर चालू ठेवणाऱ्या यूपीएसमध्ये पूर्वी शिसे-आम्ल बॅटऱ्या असत. कमी जागेत जास्त ऊर्जा साठवणाऱ्या आणि अधिक वर्षे टिकणाऱ्या लिथियम-आयन बॅटऱ्यांनी त्यांची जागा घेतली. पण त्यांच्या आगीचा स्वभाव निराळा आहे. अंतर्गत दोषाने किंवा अतिचार्जिंगने एखादा सेल तापला, की दोन ध्रुवांमधला प्लास्टिकचा पातळ पडदा वितळतो, आत शॉर्टसर्किट होते आणि रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात. निकेल-कोबाल्टयुक्त सेलमध्ये धन ध्रुवाचे संयुग फुटून प्राणवायूही बाहेर पडतो, आणि एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला त्याच वाटेने नेते.

संगणक दालनांत पाणी टाळण्यासाठी वापरले जाणारे नायट्रोजन, आर्गॉन यांसारखे वायू अशा वेळी अपुरे पडतात. ते ज्वाळा दाबू शकतात, परंतु सेलच्या आतली उष्णता काढून घेत नाहीत, त्यामुळे विझलेली वाटणारी बॅटरी पुन्हा पेटू शकते. शिवाय या वायूंचा मारा करताना होणाऱ्या प्रचंड आवाजाच्या कंपनांनीही हार्ड डिस्क निकामी होऊ शकतात. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टमधील आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये अग्निशमनाच्या सरावादरम्यान नेमके हेच घडले आणि बँकेच्या सेवा काही तास बंद राहिल्या. बॅटरी थंड करायला पाणीच हवे, आणि म्हणूनच तिची खोली सर्व्हरपासून वेगळी, अग्निरोधक भिंतींची असायला हवी, असे माझे ठाम मत आहे. नुसते तळघर मात्र पुरेसे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सोलजवळच्या पांग्यो येथील डेटा सेंटरच्या तळघरातच बॅटऱ्या पेटल्या, अग्निशमनासाठी इमारतीची वीज तोडावी लागली आणि काकाओटॉक ही देशभर वापरली जाणारी संदेशसेवा कोलमडली.

सर्वांत आशादायक प्रगती शोधयंत्रणेत दिसते. दालनातली हवा नळ्यांमधून सतत ओढून अतिसूक्ष्म धूरकण टिपणारे शोधक आता परिचित झाले आहेत. त्याच्याही एक पाऊल आधी, तापणाऱ्या सेलचा दाब वाढून तो फुटताना बाहेर पडणारी विद्रावकाची वाफ आणि हायड्रोजन ओळखणारे संवेदक बॅटरीच्या कपाटातच बसवता येतात. या टप्प्यावर चार्जिंग तोडून वायुवीजन वाढवले, तर ज्वलनशील वायू साचत नाहीत आणि शेजारचे सेल वाचण्याची शक्यता वाढते. जोडीला प्रत्येक सेलचे तापमान व व्होल्टेज यांच्या नोंदींतील बारीक बदल संगणकीय प्रारूपांनी तपासून संशयित सेल आधीच बदलण्याचे प्रयत्न चालू आहेत.

ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात डेटा सेंटरच्या मोठ्या इमारती उभ्या राहत आहेत. बॅटरीची खोली कुठे असेल आणि तिथे पाणी कसे पोहोचेल, हे नकाशा मंजूर होतानाच ठरवता येते. सर्व्हर चालू झाल्यावर तोच बदल करणे किती धोक्याचे असते, हे देजॉनमध्ये दिसले आहे.