ख्यातनामांचा राजनय

कला वा क्रीडाक्षेत्रात मिळवलेल्या प्रसिद्धीच्या बळावर राष्ट्रप्रमुख, मंत्री वा लोकप्रतिनिधी यांची भेट मिळवून सार्वजनिक प्रश्नासाठी रदबदली करणे. निवडून न आलेल्या व्यक्तीला असा प्रवेश द्यावा का, हा या विषयातील मुख्य वाद होय.

प्रथेचा आरंभ बहुधा १९५४ पासून धरतात. त्या वर्षी युनिसेफने अमेरिकन नट डॅनी के यांना आपले दूत नेमले. काही अभ्यासक पोलिश पियानोवादक पाडेरेव्स्की यांच्यापर्यंत मागे जातात. पहिल्या महायुद्धकाळात त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचे सल्लागार कर्नल हाउस यांच्याकडे पोलंडच्या स्वातंत्र्याचा पाठपुरावा केला. जानेवारी १९१८ मधील विल्सन यांच्या चौदा कलमांपैकी तेरावे पोलंडविषयी आहे. तथापि पाडेरेव्स्की स्वदेशासाठी बोलत होते व १९१९ मध्ये तेथील पंतप्रधानही झाले. परक्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा पेच त्यांच्या बाबतीत उद्भवत नाही. म्हणून पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. १ ऑगस्ट १९७१ रोजी रविशंकर व जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशी निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला केलेल्या मैफलीने निधी व लोकमत उभे केले, पण निक्सन सरकारचे पाकिस्तानधार्जिणे धोरण बदलले नाही.

सर्वाधिक चर्चा गरीब देशांच्या कर्जमाफीची होते. ‘ज्युबिली २०००’ ही मोहीम ब्रिटनमध्ये प्राध्यापक मार्टिन डेंट व निवृत्त राजनैतिक अधिकारी बिल पीटर्स यांच्या कल्पनेतून निघाली. दर पन्नासाव्या वर्षी दास मुक्त करावेत व जमिनी मूळ मालकांना परत द्याव्यात, ही बायबलमधील आज्ञा तिचा आधार. मे १९९८ मध्ये जी-८ या आठ प्रमुख औद्योगिक देशांच्या गटाच्या परिषदेवेळी बर्मिंगहॅमला सुमारे ७०,००० लोकांनी मानवी साखळी केली. पुढच्या वर्षी कलोन परिषदेत जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या १९९६ च्या कर्जसवलत योजनेचे निकष सैल झाले : कर्जाचे वर्तमान मूल्य (पुढील परतफेडीची आजच्या हिशेबाने किंमत) निर्यातीच्या २०० ते २५० टक्क्यांपर्यंत चालेल, ही मर्यादा १५० टक्क्यांवर आली. या सवलतीच्या खर्चातील अमेरिकेचा हिस्सा मात्र तेथील संसदेच्या (काँग्रेसच्या) मंजुरीवाचून अडला. तेव्हा आयरिश गायक बोनो सेनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष जेसी हेल्म्स यांना भेटले. परदेशी मदतीच्या या कट्टर विरोधकापुढे त्यांनी बायबलमधील वचनांचा आधार घेतला. २००० मध्येच ४३.५ कोटी डॉलर मंजूर झाले. श्रेय एकट्या भेटीचे नव्हे. चर्चसंस्थांचा दबाव आधीपासून होता.

मे २००२ मध्ये अमेरिकेचे अर्थमंत्री पॉल ओ’नील बोनोंसह घाना, दक्षिण आफ्रिका, युगांडा व इथिओपिया येथे गेले. युगांडात ओ’नील यांचा भर थोड्या खर्चात होणाऱ्या विहिरींवर, तर बोनोंचा मदत व कर्जमाफीवर राहिला.

जी-८ नेत्यांवर दबाव आणण्यासाठी अनेक शहरांत झालेल्या ‘लाइव्ह ८’ मैफलींमुळे गरीब देशांना २००५ ची कर्जमाफी मिळाली, असे सर्रास लिहिले जाते. कालक्रम पाहता ते स्वीकारणे कठीण आहे. जी-८ च्या अर्थमंत्र्यांनी लंडनला तो करार ११ जूनला केला. मैफली २ जुलैला झाल्या, जी-८ ची ग्लेनईगल्स (स्कॉटलंड) परिषद ६ ते ८ जुलैला. परिषदेत २०१० पर्यंत वार्षिक मदत ५,००० कोटी डॉलरनी वाढवण्याचे वचन दिले गेले, ते पुरते पाळले गेले नाही. लंडनच्या मुख्य मंचावर आफ्रिकी कलावंत जवळजवळ नव्हते. त्यांची वेगळी मैफल कॉर्नवॉलला झाली. झांबियाच्या अर्थतज्ज्ञ डांबिसा मोयो यांचा आक्षेप याच जातीचा : तारे बोलतात, आफ्रिकेचे निर्वाचित नेते ऐकू येत नाहीत. हा आक्षेप वजनदार आहे. ज्यांच्यामागे संघटित चळवळ व नेमकी मागणी आहे त्यांना दार उघडणे समर्थनीय ठरते. मात्र ज्यांचा प्रश्न आहे त्यांनाही त्याच खोलीत जागा हवी.

भारतात राज्यघटनेच्या अनुच्छेद ८० नुसार राष्ट्रपती राज्यसभेवर बारा सदस्य नियुक्त करतात; नर्गिस दत्त (१९८०), लता मंगेशकर (१९९९) व सचिन तेंडुलकर (२०१२) असे आले. महाराष्ट्रात नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे यांची ‘नाम’ (२०१५) आणि आमिर खान यांचे ‘पाणी फाउंडेशन’ (२०१६) यांचे काम मात्र रदबदलीपेक्षा मुख्यतः दुष्काळी गावांतील आहे.