मध्ये न बोलण्याचा नियम कुठून आला? कथनात्मक मुलाखतीची पार्श्वभूमी

गुणात्मक संशोधन, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या अनुभवांतून केलेला अभ्यास, शिकणाऱ्या प्रत्येकाला कथनात्मक मुलाखतीचा, म्हणजे माणसाला त्याची गोष्ट सलग सांगू देणाऱ्या मुलाखतीचा, एक नियम पहिल्याच तासाला ऐकवला जातो: माणूस सांगू लागला की मध्ये बोलायचं नाही. यामागचं कारण मात्र बहुतेकदा ‘आदर’ या एका शब्दात उरकलं जातं. आदर हवाच, पण नियम जन्माला आला तो वेगळ्या गरजेतून. ही पद्धत आज आजारपण, स्थलांतर, हिंसाचार अशा अनुभवांच्या अभ्यासात दिसते. तिची घडण मात्र राजकारण्यांच्या मुलाखती घेताना झाली.

सामान्य माणसाच्या तोंडून त्याचं आयुष्य ऐकण्याची कल्पना त्याआधीची. शिकागो विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ विल्यम थॉमस आणि पोलंडहून आलेले फ्लोरियन झ्नानिएत्स्की यांनी अमेरिकेत गेलेल्या पोलिश शेतकऱ्यांवर 1918 ते 1920 या काळात पाच खंड प्रसिद्ध केले. स्थलांतरितांची घरगुती पत्रं त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, पैसे मोजून मिळवली होती. एक अख्खा खंड तर व्लादेक नावाच्या एका स्थलांतरिताच्या आत्मकथनाला दिलेला होता. माणसाने स्वतः सांगितलेलं आयुष्य हीच समाजशास्त्राची सर्वोत्तम सामग्री, असं ते दोघे छातीठोकपणे म्हणत.

हा दावा फार काळ टिकला नाही. 1930 मध्ये त्याच विद्यापीठात सॅम्युअल स्टाउफर यांनी आपल्या प्रबंधासाठी विद्यार्थ्यांकडून दारूबंदीविषयीचे अनुभव लिहून घेतले आणि त्याच विद्यार्थ्यांना मतचाचणीची प्रश्नावलीही भरायला दिली. दोन्हींतून निघालेला कल जवळपास सारखाच होता, आणि प्रश्नावलीला वेळ कितीतरी कमी लागत होता. 1939 मध्ये समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी थॉमस-झ्नानिएत्स्की यांच्या ग्रंथाची चिकित्सा केली. पत्रं आणि आत्मकथनं मोलाची आहेत, पण त्यांच्या आधारे सिद्धांत खरा की खोटा ते ठरवता येत नाही, असा तिचा रोख होता. पुढची काही दशकं सर्वेक्षणांची होती. माझ्या मते स्टाउफर यांची तुलना चुकीची नव्हती, अपुरी होती. एखाद्याचं मत काय आहे हे प्रश्नावली सांगते. तो त्या मतापर्यंत कोणत्या वळणांनी पोचला, हे तिला विचारताच येत नाही.

पुन्हा दार उघडलं ते भाषाशास्त्राने. टेपरेकॉर्डर हाताशी आला होता, त्यामुळे बोलणं जसंच्या तसं, अडखळण्यासकट, कागदावर उतरवता येऊ लागलं. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांना लोकांची रोजची, सहज बोली हवी होती, पण मुलाखत म्हटलं की माणूस सावरून बोलतो. म्हणून ते विचारत: आता आपण मरणार, असं वाटण्याची वेळ तुमच्यावर कधी आली होती का? तो प्रसंग सांगताना माणूस त्यात गुंततो आणि बोलण्यावरचा पहारा सुटतो. अशा कथनांची अंतर्गत रचना लबॉव्ह आणि जोशुआ वालेत्स्की यांनी 1967 मध्ये मांडली.

हाच सुटणारा पहारा जर्मन समाजशास्त्रज्ञ फ्रित्स श्युत्से यांना हवा होता. 1970च्या दशकात पश्चिम जर्मनीत गावांच्या नगरपालिका एकमेकींत विलीन होत होत्या आणि श्युत्से स्थानिक पुढाऱ्यांच्या मुलाखती घेत होते. ‘विलीनीकरणाबद्दल तुमची भूमिका काय?’ असं विचारलं की पुढारी घोटून ठेवलेलं भाषण ऐकवणार. ‘हे सगळं कसं घडलं ते सांगा’ म्हटलं की गोष्ट सुरू होते, आणि गोष्टीचे स्वतःचे तगादे असतात. सुरू केलेला धागा पुरा करावा लागतो. वेळ मर्यादित म्हणून महत्त्वाचं तेवढंच निवडावं लागतं. आणि ऐकणाऱ्याला कळावं म्हणून जोडणारे तपशील द्यावे लागतात. ‘त्या बैठकीनंतर आमचं फाटलं’ असं एकदा तोंडून गेलं, की त्या बैठकीत काय झालं हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. हे तगादे श्युत्से यांनी 1977 मध्ये मांडले, आणि मध्ये न बोलण्याचा नियम तिथून येतो. मुलाखतकाराने प्रश्न टाकला की तगादा तुटतो. माणूस गोष्ट सोडून उत्तर देऊ लागतो.

फरक साधाच आहे. ‘आजारपणात घरच्यांचा आधार मिळाला का?’ याला ‘हो, खूप’ एवढ्यावर भागतं. ‘काहीतरी बिघडलंय असं पहिल्यांदा वाटलं, तिथपासून आजपर्यंतचं सगळं सांगा’ असं म्हटलं, तर घरच्यांपैकी कोण केव्हा आलं आणि कोण आलंच नाही, हे न विचारता येतं. सांगणारा स्वतःच ‘तर असं झालं सगळं’ म्हणून थांबला, की मग प्रश्नांची पाळी. आधी त्याने अर्धवट सोडलेल्या जागांचे प्रश्न, आणि ‘का’ विचारणारे अगदी शेवटी. वीस प्रश्नांची यादी समोर ठेवून घेतलेल्या मुलाखतीला अनेक प्रबंधांत ‘कथनात्मक मुलाखत’ हेच नाव दिलेलं दिसतं. ती अर्धसंरचित मुलाखत असते, म्हणजे प्रश्न आधी ठरवून, पण उत्तरं मोकळी ठेवून घेतलेली, आणि तसंच म्हणावं.

सांगितलेलं आणि घडलेलं एकच असतं का, हा वाद तेव्हापासून चालू आहे. सांगितलेलं घडलेल्याशी जुळतं, हा श्युत्से यांचा कथनावरचा विश्वास अनेकांना जास्तच वाटला. आयुष्य सरळ रेषेत गेलं हा भासच आहे, अशी टीका फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्दिय यांनी 1986 मध्ये केली. जर्मन समाजशास्त्रज्ञ गाब्रिएले रोझेन्टाल यांनी जगलेलं आयुष्य आणि सांगितलेलं आयुष्य वेगवेगळं तपासून मग शेजारी ठेवण्याची रीत घालून दिली. मला सर्वात बोलकं वाटतं ते शेजारच्या मौखिक इतिहासातलं, म्हणजे लोकांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणींवर उभ्या इतिहासातलं उदाहरण. इटलीतल्या तेर्नी गावात 1949 मध्ये नाटोविरोधी निदर्शनात एक तरुण पोलाद कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. मौखिक इतिहासकार आलेस्सांद्रो पोर्तेली यांना अनेक कामगारांनी हा मृत्यू 1953 च्या मोठ्या कामगारकपातीच्या लढ्यात घडल्याचं सांगितलं. पोर्तेली यांनी ही चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही, तिचा अर्थ लावला: सोबत्याचा जीव गेला आणि आपण काहीच केलं नाही हे पचत नव्हतं, म्हणून स्मृतीने तो मृत्यू त्याला साजेशा लढ्यात नेऊन ठेवला.

1980च्या दशकानंतर ही पद्धत आरोग्याच्या क्षेत्रात पसरली. ऑक्सफर्डमध्ये 2001 साली रुग्णांच्या अनुभवकथनांचा एक संग्रह सुरू झाला, तोच पुढे हेल्थटॉक म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढाऱ्याला ठरवल्यापेक्षा जास्त बोलायला लावणारा तगादा इथे नुकतंच मूल गमावलेल्या आईवरही तितकाच चालतो. तीही ठरवल्यापेक्षा जास्त बोलून जाते. म्हणूनच मुलाखतीआधी घेतलेली संमतीची एक सही इथे पुरत नाही. हेल्थटॉकच्या पद्धतीत मुलाखतीचा लिहून काढलेला मजकूर सांगणाऱ्याकडे परत जातो, नको तो भाग तो काढून टाकू शकतो, आणि त्यानंतरच वापराची परवानगी घेतली जाते.