मूठभर ज्वारी ते कमवा आणि शिका: रयतच्या पैशाची गोष्ट

जून आला की फॅमिली ग्रुपवर स्कॉलरशिपच्या याद्या फिरायला लागतात, ही फाउंडेशन इतके देते, ती ट्रस्ट हॉस्टेलची फी भरते, फॉर्मची लास्ट डेट अमुक. चांगलंच आहे ते. पण आपल्याकडे, म्हणजे सातारा-सांगली पट्ट्यात, एक संस्था अशी उभी राहिली की जिच्याकडे सुरुवातीला वाटायला पैसेच नव्हते, आणि तरी गरिबाची पोरं शिकवायचं तिने अंगावर घेतलं. रयत शिक्षण संस्था. नाव सगळ्यांना माहीत असतं, भाऊराव पाटलांचा दाढीवाला फोटो बहुतेकांनी शाळेच्या ऑफिसात बघितलेला असतो, पण हा गाडा नेमका चालला कशावर हे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून जरा मागचं लिहितोय.

भाऊराव मूळचे कुंभोजचे, जन्म 1887 चा. शिकायला कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये होते, तिथे सोवळ्याओवळ्याचे नियम आणि ह्यांचा स्वभाव, पटायचं कसं. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क होस्टेलच्या कार्यक्रमाला हे गेले आणि त्यावरून बोर्डिंगमधून बाहेर पडायची वेळ आली. त्या काळात शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातवार बोर्डिंगं काढली होती, कारण खेड्यातला पोरगा शहरात शिकायला आला तर राहणार कुठे आणि जेवणार काय हा पहिला प्रश्न, फी नंतरची. ते भाऊरावांनी जवळून बघितलं. फक्त त्यांच्या डोक्यात पुढची पायरी होती, सगळ्या जातींची पोरं एकाच छपराखाली, एकाच पंगतीत.

मध्ये बरीच वर्षं त्यांनी नोकऱ्या केल्या. शिकवण्या घेतल्या, ओगल्यांच्या काचमालाचे आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे एजंट म्हणून गावोगाव फिरले. हे फिरणं मला फार महत्त्वाचं वाटतं. नांगर विकणारा माणूस शेतकऱ्याच्या ओसरीवर बसतो, त्याच्या घरात कोण शिकलंय कोण नाही हे त्याला कळतं, आणि उद्या तोच माणूस "पोरगं शाळेत घाला" म्हणाला तर लोक ऐकतात. ऑफिसात बसून सर्व्हे करून हे झालं नसतं.

1919 साली कराडजवळच्या काले गावात सत्यशोधकी मंडळींच्या साथीनं संस्था सुरू झाली, 4 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. 1924 मध्ये मुक्काम साताऱ्याला हलला आणि बोर्डिंग सुरू झालं. धनिणीच्या बागेत पोरं राहायची, स्वतः स्वयंपाक करायची, एकत्र जेवायची. 1927 मध्ये गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं.

आता पैसा. एक सोर्स होता मुष्टिफंड. बाई पहाटे जात्यावर दळायला बसली की सुपातली एक मूठ ज्वारी नाहीतर बाजरी वेगळ्या गाडग्यात टाकायची, आणि ते गाडगं भरलं की धान्य बोर्डिंगला जायचं. एका मुठीनं कुणाचं घर बसत नाही. आणि गंमत बघा, जिनं ती मूठ टाकली ती बाई मग विचारणारच की आमची ज्वारी खाऊन तुमची पोरं पास झाली का नापास! दहा हजारांची पावती फाडणाऱ्यापेक्षा हिचा त्या शाळेवरचा हक्क मला जास्त वाटतो.

दुसरा सोर्स पोरांचे स्वतःचे हात. शेतात काम, खडी फोडणं, इमारतीच्या पायाचे दगड वाहणं, आणि त्या मजुरीतून शिक्षण. स्वावलंबी शिक्षण हेच आमचं ब्रीद म्हणतात ते हे. 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं ते याच धर्तीवर, फी नाही पण काम करायचं, आणि 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेजही तसंच. आज कॉलेजाकॉलेजात जी "कमवा आणि शिका" योजना असते तिचं मूळ इथं आहे, आता बऱ्याच ठिकाणी ती लायब्ररीतली पुस्तकं लावण्यापुरती उरलीय ते सोडा. बोर्डिंगात घमेली उचललेल्या पोरांपैकी पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही.

देणगीदार नव्हते असं नाही, पण अटी घालणाऱ्यांचं जमत नसे. शिवाजी कॉलेजचं नाव बदला, मोठी रक्कम देतो, असं एकानं सुचवलं तेव्हा भाऊरावांनी एकवेळ बापाचं नाव बदलीन पण हे नाही असं सुनावलं, हा किस्सा साताऱ्यात अजून सांगतात. सरकारी ग्रँटचंही तसंच, 1948 मध्ये भाऊरावांच्या एका भाषणावरून सरकारची मर्जी गेली आणि ग्रँट बंद, शेकडो शाळा अधांतरी. तेव्हा गाडगेबाबांनी मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री खेरांकडे शब्द टाकला आणि पुढे ग्रँट परत सुरू झाली. कराडच्या कॉलेजला गाडगे महाराजांचं नाव आहे, 1954 चं कॉलेज, ते उगाच नाही.

शेकडो शाळा म्हणतोय त्या बहुतेक व्हॉलंटरी शाळा, एका मास्तरवर चालणाऱ्या, देवळात नाहीतर चावडीत भरणाऱ्या. अशा साडेपाचशेच्या वर काढल्या होत्या, नंतर त्या सरकारी यंत्रणेकडे गेल्या. आज संस्थेची चारशेवर हायस्कूलं आणि चाळीसेक कॉलेजं आहेत. भाऊराव 1959 च्या मे महिन्यात गेले, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं होतं.

एक माणूस राहिलाच, भाऊरावांची बायको लक्ष्मीबाई. बोर्डिंगातल्या पोरांना ह्या आईसारख्या. दागिने एकेक करून मोडले, आणि एकदा घरात दाणा नव्हता, पोरं जेवायची थांबलेली, भाऊराव फिरतीवर, तेव्हा गळ्यातलं मंगळसूत्रही गेलं. त्या काळातल्या बाईनं नवरा हयात असताना मंगळसूत्र मोडायचं म्हणजे काय ते आपल्या आज्यांना विचारा. 1930 मध्ये त्या गेल्या, संस्थेचं मोठं झालेलं रूप त्यांनी बघितलंच नाही. पुढे त्यांच्या नावानं फंड उभा राहिला, संस्थेतल्याच मास्तर-शिपायांच्या पगारातून कापलेल्या पैशांचा, पुढचं शिकायला पैसे नसलेल्या पोरांसाठी.