महादेवाचा धोतरा बाटलीत

श्रावणी सोमवारी आजी दांडिया बाजारातून बेलाबरोबर धोत्र्याची फुलं आणायची आणि मला बजावायची, "हात धू आधी, विषारी असतो तो!" पुढे वडोदऱ्यातच एमएस्सी करताना हाच धोतरा टिश्यू कल्चरच्या, म्हणजे झाडाचा तुकडा बाटलीत वाढवण्याच्या, टेबलावर भेटला.

त्यासाठी उमललेलं फूल चालत नाही, मिटलेली कळीच लागते. ती पातळ ब्लीचमध्ये धुवायची, लॅमिनार फ्लोसमोर, म्हणजे गाळलेली जंतुविरहित हवा सोडणाऱ्या टेबलासमोर, बसून चिरायची आणि आतले पाच परागकोश (परागकणांच्या पिशव्या) चिमट्यानं अलगद सोडवून अगरच्या, म्हणजे समुद्रशेवाळापासून केलेल्या जेलीच्या, थरावर मांडायचे. परागकोशाचा दांडा जराही राहू द्यायचा नाही. अगरात क्षार, संप्रेरकं आणि भरपूर साखर. म्हणजे बुरशीलाही आयतं जेवण! माझ्या पहिल्या बारा बाटल्यांपैकी नऊ तिनंच फस्त केल्या.

दिल्ली विद्यापीठात वनस्पतिशास्त्रज्ञ शिप्रा गुहा आणि सतीश चंद्र माहेश्वरी यांनीही धोत्र्याचे परागकोश असेच वाढवायला ठेवले होते. त्यांना पाहायचं होतं ते पेशीविभाजन. झालं भलतंच: परागकोश फुटले आणि त्यांतून चिमुकले गर्भ डोकावले. १९६४ मध्ये 'नेचर'मध्ये ही बातमी आली. गर्भ थेट परागकणांतूनच उपजतात, हे दोघांनी १९६६ मध्ये दाखवलं.

यात एवढं काय? धोत्र्याच्या पेशीत २४ गुणसूत्रं असतात, परागकणात निम्मी, १२. त्यातून उगवलेल्या रोपातही १२च. प्रत्येक गुणसूत्र एकेकटंच; जोडीदार नसल्यामुळे एरवी दडून राहणारा जनुकही लगेच उघडा पडतो. संशोधकाला आणखी काय हवं! पण असं रोप बी धरत नाही. मग कोल्चिसीन द्यायचं, म्हणजे आपल्या कळलावीत असतं तेच विष. गुणसूत्रं दुप्पट होतात आणि प्रत्येक जोडीत एकाच जनुकाच्या दोन हुबेहूब प्रती येतात. असा शुद्ध वाण एरवी मिळवायचा तर सहा-सात पिढ्या स्वपरागण करत बसावं लागतं. इथे एका पिढीत काम होतं. भात, गहू, सातू, मोहरीवर्गीय पिकं यांच्या पैदाशीत ही युक्ती आता नेहमीची झाली आहे.

धोतरा, तंबाखू ही वांग्याच्या कुळातली मंडळी यात चटकन राजी होतात. तूर, हरभरा मात्र भलते हट्टी. परागकोश बाटलीत ठेवा, संप्रेरकं बदलून बघा, बहुतेकदा पेशींचा नुसता गोळा वाढतो आणि रोप काही येत नाही.