रोमन ब्रिटनमधील वांशिक वैविध्य आणि स्थलांतर

इ.स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या सैन्याने ब्रिटन जिंकायला सुरुवात केली, इ.स. ४१०च्या सुमारास तेथील रोमन अंमल संपला. या प्रांतात कोण राहत होते, बाहेरून किती आले होते, यावर अभ्यासक दीर्घकाळ चर्चा करत आले आहेत. बीबीसीच्या एका शालेय अ‍ॅनिमेशनपटात रोमन ब्रिटनमधील कुटुंबप्रमुख कृष्णवर्णीय दाखवला होता; २०१७ मध्ये तो जाहीर भांडणाचा विषय झाला. प्राचीन इतिहासाच्या अभ्यासक मेरी बिअर्ड यांनी चित्रणाची बाजू घेताच त्यांच्यावर टीकेची झोड उठली.

परप्रांतीयांचे अस्तित्व वादातीत आहे. इ.स. १३९ पासून येथे राज्यपाल असलेला लोलियस अर्बिकस आजच्या अल्जीरियातला. आजच्या लिबियातील लेप्टिस मॅग्ना येथे जन्मलेला सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस इ.स. २११ मध्ये यॉर्कला वारला. तिसऱ्या शतकातील एका शिलालेखात रोमनांनी उत्तर ब्रिटनमध्ये बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीवरील आबालावा ठाण्यात 'मौरी' लोकांची, म्हणजे वायव्य आफ्रिकेतील, तुकडी असल्याची नोंद आहे.

सर्वांत बोलका पुरावा ईशान्य इंग्लंडमधील साउथ शील्ड्सचा. सीरियातील पाल्मायराच्या बाराटेस याने पत्नी रेजिना हिच्यासाठी उभारलेल्या स्मृतिशिळेवर ती वेताच्या खुर्चीत बसली आहे, शेजारी लोकरीची टोपली आहे. लॅटिन मजकूर सांगतो, की ती कातुवेलाउनी या ब्रिटनमधल्याच जमातीची होती, आधी बाराटेसची दासी होती, त्याने तिला मुक्त केले आणि ती ३० व्या वर्षी वारली. खाली त्याच्या मातृभाषेत एकच ओळ आहे : 'रेजिना, बाराटेसची मुक्त दासी, हाय!' येथे दास्य भूमिकन्येच्या वाट्याला आले होते आणि मालक परका होता. रोमन समाजात माणसाचे स्थान प्रथम नागरिकत्व, मुक्तता आणि मूळ गाव यांवर ठरत असे. आजच्या वर्णभेदाच्या चौकटीत रेजिनाचे आयुष्य बसवणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

खरा वाद प्रमाणाचा आहे. लेख कोरून घेणारे बहुधा सैनिक, अधिकारी, व्यापारी; खेड्यांतली बहुसंख्य जनता निःशब्द राहिली. तुकड्यांची नावे परदेशी राहिली, तरी पुढे भरती बरीचशी स्थानिक होत गेली. यॉर्कच्या एका दफनभूमीतील सात पुरुषांच्या जनुकीय अभ्यासात (२०१६) सहा जण आजच्या वेल्शांशी जवळचे निघाले, एक मध्यपूर्वेचा.

केवळ कवटीच्या आकारावरून वंश सांगण्याची पद्धत मात्र भरवशाची नाही. 'बीची हेड वुमन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोमनकालीन स्त्रीच्या सांगाड्याला आधी कवटीवरून सहाराच्या दक्षिणेकडचे ठरवले गेले, मग प्राथमिक डीएनए चाचणीवरून सायप्रसकडचे. २०२५ मध्ये अधिक चांगल्या डीएनए चाचणीने ती दक्षिण ब्रिटनचीच ठरली. ही दुरुस्ती तिच्यापुरती आहे. तिचा आधार घेऊन बाराटेसची शिळा खोटी ठरवता येत नाही.

दातांच्या एनॅमलमधील समस्थानिके (बालपणीच्या अन्नपाण्याची खूण सांगणारे मूलद्रव्यांचे प्रकार) आणि डीएनए एकत्र वाचले, की चित्र अधिक भरवशाचे होते. केंब्रिजशायरमधील ऑफर्ड क्लूनी येथे सापडलेल्या तरुणाचे पूर्वज सार्मेशियन, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातील भटके घोडेस्वार, होते, हे २०२३ मध्ये स्पष्ट झाले. सम्राट मार्कस ऑरेलियसने ५,५०० सार्मेशियन घोडेस्वार ब्रिटनला धाडल्याचे रोमन इतिहासकार कॅसियस डायो लिहितो. हा तरुण मात्र छावणीपासून दूर, शेतवस्तीच्या चरात पुरलेला होता आणि बालपणी तो ब्रिटनबाहेर कोरड्या प्रदेशात वाढला होता.