सेकंदाला ३ सेंटिमीटर

व्हिडिओ कॉलवर नात दिसली की आजीचा हात आपसूक पुढे जातो. पडद्यावरच्या गालांवरून ती बोटं फिरवते, मग तीच बोटं आपल्या कानशिलांवर नेऊन कडाकडा मोडते. पण पुण्यातल्या फोनवर बोट लागलं की आधी बटणं वर येतात, कधी कॅमेराच उलटा फिरतो, आणि कॅलिफोर्नियातल्या नातीला आजीऐवजी समोरचं कपाट दिसतं. अलाबला अर्ध्यावरच राहते.

हा उरलेला अर्धा भाग पलीकडे पोचवण्याची खटपट तशी जुनी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये ‘इनटच’ नावाचं यंत्र तयार झालं. दोन माणसांपुढे दोन खोकी, प्रत्येकात लाटण्यासारखे तीन रूळ. इकडचा रूळ फिरवला की तिकडचा फिरायचा, आणि तिकडच्याने तो धरून ठेवला तर इकडे हाताला अडकल्यासारखं व्हायचं. २००२मध्ये ‘क्यूटसर्किट’ या कंपनीने ‘हग शर्ट’ आणला. आपण स्वतःलाच मिठी मारायची. किती जोरात आणि किती वेळ, हे शर्टातले सेन्सर टिपणार आणि मोबाइलमार्फत समोरच्याच्या शर्टाला कळवणार. २०१५च्या अ‍ॅपल वॉचमध्ये तर आपल्या हृदयाचे ठोके दुसऱ्याच्या मनगटावर धाडायची सोय आली. ते प्रकरण मला चार दिवसांच्या गमतीपुरतंच वाटतं, आणि त्याचं कारण त्वचेतच आहे.

फोन किंवा घड्याळ थरथरतं तेव्हा तो थरथराट प्रामुख्याने पॅसिनी कणिका टिपतात. कांद्यासारखे पदर असलेले हे सूक्ष्म संवेदक त्वचेत खोलवर असतात आणि सेकंदाला २०० ते ३०० कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असतात. त्यांचा निरोप मेंदूला लगेच कळतो, पण तो निरोप असतो ‘काहीतरी हललं’ एवढाच. दाराची कडी वाजावी तसा.

पाठीवरून हात फिरवण्याचं खातं वेगळं आहे. १९३९मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ इंग्वे झॉटरमन यांना मांजरांमध्ये असे चेतातंतू सापडले की जे अगदी हलक्या, सावकाश स्पर्शालाच दाद देत होते. माणसातही ते आहेत हे पक्कं व्हायला पुढे अर्धं शतक गेलं. सी-टॅक्टाइल तंतू हे त्यांचं नाव. ते हाताच्या पाठीवर, कोपराखाली, पाठीवर अशा लव असलेल्या त्वचेत असतात. २००९च्या एका प्रयोगात लोकांच्या हातावरून वेगवेगळ्या वेगाने ब्रश फिरवला. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या टप्प्यात, त्यातही ३च्या आसपास, हे तंतू सर्वाधिक संदेश पाठवत होते, आणि लोकांनाही तोच स्पर्श सर्वांत सुखद वाटत होता. ब्रश त्याहून भरभर किंवा अगदीच संथ फिरला की दोन्ही आकडे खाली. पुढे असंही दिसलं की ब्रश त्वचेइतका, म्हणजे सुमारे ३२ अंश सेल्सिअस उबदार हवा. बाळाला थोपटून झाल्यावर आपण अंगावरून हात फिरवतो तो साधारण याच वेगाने. कुणी मोजून दिलेला नसतो.

मग असा सरकणारा हात दूरच्या माणसाने अंगात घालायच्या एखाद्या बाहीत बसवायचा कसा? इथे त्वचेला फसवता येतं. १९७२मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी मनगटाशी आणि कोपराशी पाठोपाठ टिचक्या दिल्या, तर मधल्या भागात, जिथे काहीच नव्हतं, तिथेही ससा टुणटुण उड्या मारत गेल्यासारखं लोकांना जाणवलं. २०१८मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने असाच डाव मांडला. स्पीकरचा पडदा हलवते तसल्या कॉइलची रांग हातावर बांधली आणि एक दाबलेली असतानाच पुढची दाबत नेली. हातावरून काहीही सरकत नाही, तरी सरकल्याचा भास होतो. २०१९मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात १५ सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद, मऊ, बिनबॅटरीची पट्टी तयार झाली; तिच्यात ३२ कंपक होते. व्हिडिओ कॉलमध्ये एकाने पडद्यावर बोट फिरवायचं आणि दुसऱ्याच्या अंगावरच्या पट्टीने तिथे तिथे थरथरायचं, हेही त्यांनी करून दाखवलं. मात्र ती नुसती थरथरच होती. ऊब आणि दाब त्यात नव्हता.

इंटरनेटच्या विलंबाचं काय, हा पुढचा प्रश्न. इंटरनेटच्या काचतंतूतून (ऑप्टिकल फायबर) प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १३,००० किलोमीटरला जेमतेम ६५ मिलिसेकंद. केबलचे वळसे आणि मधली यंत्रं धरून वेळ याहून वाढतो. पण सी-टॅक्टाइल तंतूंतून संदेश जातो सेकंदाला साधारण १ मीटर! नातीच्या हातापासून मेंदूपर्यंत पोचायलाच त्याला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. लाडाचा निरोप अख्खा पॅसिफिक ओलांडायला जितका वेळ घेतो, त्याहून जास्त वेळ तिच्या दंडात घालवतो. अर्थात ‘हात लागला’ ही पहिली खबर जलद तंतू देतात, आणि ती पडद्यावरच्या हालचालीशी जुळली नाही तर मामला उघडा पडतो.

शिवाय हात कुणाचा, हेही मेंदू बघतो. २००६मध्ये अमेरिकेत १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात विजेच्या सौम्य झटक्याची धास्ती दाखवली. नवऱ्याने हात धरला होता तेव्हा मेंदूतली धोक्याची खळबळ बरीच कमी होती; अनोळखी हाताने तेवढा फरक पडला नाही. बाहीला स्वतःचा असा हात नाही. ‘ही आजी’ हे समोरच्या चेहऱ्याने आणि आवाजानेच सांगायचं.

आणि आजीचं काय? जवळपास सगळी यंत्रं नातीच्या बाजूने विचार करतात. ‘इनटच’च्या रुळांना निदान दोन्हीकडून पकड होती, म्हणून ते ओबडधोबड यंत्र मला आजही शहाणं वाटतं. आजीच्या बोटांखाली मात्र गाल नाही, सपाट काच आहे, आणि तिला जी ऊब आहे ती तासभराच्या कॉलने तापलेल्या बॅटरीची.